नेट बंद कोल्हापुरात, फटका देवगडात

जून 2023 मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं, तेव्हा बातम्या आल्या त्या कोल्हापूरच्या. ते साहजिकच होतं. मी इथे मांडतेय ती गोष्ट घाटाखालची आहे. सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका वाडीत सुकं म्हावरं विकणारा बायकांचा बचत गट आहे. अशा काही गटांची दप्तरं मी तपासते, त्यामुळे त्यांच्या वह्या माझ्या हाताखालून जातात. बंदी ज्या शहरासाठी होती तिथे या गटातली एकही बाई राहत नाही. तरी त्या वर्षाच्या आगोटीत, म्हणजे पावसाआधीच्या हंगामात, त्यांना आलेली सगळ्यात मोठी तूट त्याच बंदीची होती. गट, वाडी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील मुद्दाम सैल ठेवलेत.

आगोटीचा धंदा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधीचे दोन-तीन महिने सुकवणीचे. खारे बांगडे, जवळा, गोलमो, दोडी, थोडे सोडे. पावसाळ्याची बेगमी म्हणून घाटावरचं गिऱ्हाईक हे भरून ठेवतं, आणि पाऊस सुरू होईपर्यंतच ही खरेदी चालते. हवेत दमटपणा आला की सुकी मासळी ओल धरते, मग तिला बुरशी यायला वेळ लागत नाही. म्हणजे माल तयार असतो मेअखेर, आणि तो विकायला हातात उरतात ते पावसाआधीचे मोजके दिवस.

पूर्वी हा माल घाटावरचे व्यापारी बंदरावर येऊन उचलायचे. भाव ते सांगतील तो. पैसे कधी हातोहात, कधी गणपतीला. 2020 च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा गटातल्या एकीच्या कोल्हापूरच्या नणंदेने शेजारपाजारच्या चार घरांची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर पाठवली. तिथून सुरुवात. 2023 पर्यंत कोल्हापुरात साठेक घरं, दोन-तीन खानावळी आणि दोन लहान दुकानं एवढं गिऱ्हाईक जमलं होतं. गटाची सचिव, तिला इथे काकी म्हणू, अंगणात ताडपत्रीवर माल पसरून फोटो काढायची, खाली भाव टाकायची. ऑर्डरीचे निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने यायचे. उरलेले निम्मे माल हातात पडल्यावर टेम्पोवाल्याच्या गळ्यातल्या लॅमिनेट केलेल्या क्यूआर कार्डावर. पत्ते कुणाचेच लिहून ठेवलेले नव्हते. गिऱ्हाईक लोकेशन पाठवी आणि टेम्पोवाला त्या ठिपक्यावर जाऊन उभा राही.

या रचनेत दलाल नव्हता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओळखीची गरज नव्हती. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या कुणा बाईला देवगडची काकी कोण हे ठाऊक असायची गरज नाही. काकीला ती बाई बुडवील ही भीती नाही. निम्मे आधी आलेत, निम्मे गोणी खाली ठेवायच्या क्षणी येणार. दोन अनोळखी माणसांमध्ये विश्वासाचं जे काम असतं ते फोनने केलं होतं.

6, 7 आणि 8 जून

6 जून, शिवराज्याभिषेक दिन. कोल्हापुरात काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून वातावरण तापलं, हिंदुत्ववादी संघटनांनी दुसऱ्या दिवशी बंदची हाक दिली. 7 जूनला शिवाजी चौकात मोठा जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. हे होऊन गेल्यावर इंटरनेट बंद करण्यात आलं, ते 8 जूनच्या मध्यरात्रीपर्यंत. ढोबळपणे तीस तास.

याच दिवसांत अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ तयार झालं होतं. 6 तारखेला त्याला नाव मिळालं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते तीव्र झालं. पुढे ते गुजरातेत जखाऊपाशी किनाऱ्याला लागलं, पण 7 जूनला देवगडात ते कुणाला माहीत असणार? सगळ्यांची नजर वाऱ्याच्या नकाशावर. 2021 च्या मे महिन्यात तौक्तेने देवगड बंदरात बोटी बुडवल्या होत्या, ती आठवण ताजी होती. बायकांना एकच घाई होती, हवा बिघडायच्या आत माल घाट चढायला हवा.

टेम्पो खरं तर 7 लाच निघायचा होता. बंद आहे कळल्यावर एक दिवस पुढे ढकलला. टीव्हीवर नेट बंद असल्याचंही दिसलं होतं, पण त्याचा आपल्या गोणींशी संबंध कुणी जोडला नाही. गटातल्या एकीचे शब्द: "म्हटला पोरांचा इन्स्टा बंद केल्यानी आसतला." बंद एका दिवसाचा होता, तो संपला, आता दुकानं उघडणार, एवढाच हिशेब.

8 तारखेला पहाटे छोटा हत्ती निघाला. नांदगाव, तळेरे, वैभववाडी, मग करूळ घाट. दोन-अडीच क्विंटल माल, गोण्यांवर मार्करने गिऱ्हाइकांची नावं, तीही फोनमध्ये सेव्ह केलेली: 'राजारामपुरी सोडे', 'बावडा वहिनी', 'मेसवाले नवीन'. घाटात तशीही रेंज नसते, त्यामुळे टेम्पोवाल्याला कोल्हापूरच्या वेशीवरच्या फुलेवाडीपर्यंत काही वेगळं जाणवलं नाही. तिथे त्याने लोकेशन उघडायला घेतलं.

एकच टिक

देवगडात काकीने सकाळी सातलाच सगळ्यांना मेसेज टाकला होता: गाडी निघाली, पैसे तयार ठेवा. साडेनऊपर्यंत एकाही नावापुढे दुसरी टिक आली नव्हती. पुढचा संवाद मला दोघांनी वेगवेगळा सांगितला आणि तो बराचसा जुळतो.

"बाये, हय कोणाचाच नेट चालत नाय. स्कॅन होऊचा नाय."

"मगे फोन लाव एकेकाक."

"लावतंय. पण जाऊ खय? पत्तो खय आसा?"

फोन चालू होते, ही मोठीच सोय होती. पण साठ जणांना एकेक करून फोन, प्रत्येकाला पत्ता विचारा, तो समजावून घ्या, आदल्या दिवशीच्या प्रकारामुळे ठिकठिकाणी पोलीस, काही रस्ते वळवलेले. काहीजण बाहेर पडायला तयार नव्हते. अनोळखी नंबर म्हणून काहींनी फोन उचललाच नाही. त्यांच्याकडे सेव्ह होता तो काकीचा नंबर, टेम्पोवाल्याचा नव्हे.

पैशांचा प्रश्न त्याहून मोठा. ज्या महिन्यात देशभर यूपीआयचे 930 कोटींहून अधिक व्यवहार झाले, सुमारे पावणेपंधरा लाख कोटी रुपयांचे, त्या महिन्यात किती घरांत सातआठशे रुपये रोख असतात? काहींकडे होते, त्यांनी दिले. बाकीच्यांचं म्हणणं एकच: "दादा, माल ठेवून जावा, नेट आलं की टाकतो की पैसे." टेम्पोवाला प्रत्येक वेळी काकीला फोन करून विचारी, हा ओळखीचा काय? आणि काकी आठवायची की हा माणूस मागच्या वर्षी होता का. मागच्या वर्षीचा असेल तर ठेव. या वर्षी नवा जोडला गेलेला असेल तर नको.

इथे माझ्या मते या प्रकरणाचं मर्म आहे. नेट गेल्यावर व्यवहार थांबला नाही, तो ओळखीवर गेला. ज्याची ओळख जुनी त्याला उधार, ज्याची नवी त्याला नकार. त्या सकाळी काकी काही अडाणीपणा करत नव्हती. तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. फक्त तीन वर्षांत जे गिऱ्हाईक तिने ओळखीबाहेर जाऊन कमावलं होतं, नेमकं तेच सुटलं.

बिननेटचेही मार्ग होते. *99# डायल करून साध्या फोनवरून पैसे पाठवता येतात, ही सोय 2014 पासून देशभर आहे. 2022 मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय 123 पे आलं. गटातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि माहीत असून भागलं नसतं, कारण रस्त्यात उभ्या टेम्पोपाशी गिऱ्हाइकाला ते माहीत असायला हवं होतं. 'उमेद' या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या प्रशिक्षणात या बायका क्यूआर लावायला शिकल्या, कॅटलॉग बनवायला शिकल्या. नेटच काढून घेतलं तर काय करायचं, याचा धडा तिथे नसतो. एका खात्याने शिकवावं आणि दुसऱ्याने बटण दाबावं, यात कुणाला विसंगती दिसत नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला निम्म्याहून थोडा कमी माल शिल्लक होता. टेम्पो रोजाच्या भाड्याचा, रात्री घाट नको. शेवटी टेम्पोवाल्याने बाजारातल्या एका जुन्या व्यापाऱ्याला फोन केला, याच वाडीतून वर्षानुवर्षं माल उचलणाऱ्या. त्याचंही नेट बंदच होतं. पण त्याच्याकडे काटा होता, कार्बन लावलेलं बिलबुक होतं आणि गल्ल्यात रोकड होती. जवळा, गोलमो, बांगडे सगळं त्याने गोणीसकट घेतलं, गटाने लावलेल्या भावापेक्षा बरंच कमी. पैसे जागेवर.

त्याने नाडलं असं मला वाटत नाही. त्याने माल घेतला नसता तर तो दुसऱ्या भाड्यासकट घाट उतरून परत आला असता आणि दोन दिवसांनी दमट झाला असता. 11 जूनला तळकोकणात पाऊस पोचलाच. पण तीन वर्षं ज्या माणसाला वळसा घालून धंदा उभा केला, त्याच्याच दारात गाडी लावावी लागली, आणि पुढच्या आठवड्यात गटाच्या काही गिऱ्हाइकांनी तोच माल त्याच्याकडून वाढीव भावाने घेतला, हेही खरं.

तूट नेमकी कशाची

वहीत जूनच्या पानावर काकीने 'तूट' असं लिहून पुढे कारण टाकलंय: 'कोल्हापूर नेट'. त्या दोन शब्दांखाली बरंच काही आहे.

भावातला फरक ही सरळ तूट. त्यानंतर ज्यांनी निम्मे आगाऊ दिले होते आणि माल मिळाला नाही, त्यांना परतावे. ते 9 तारखेला नेट आल्यावर लगेच केले, तरी काहींचा सूर बिघडला. देवगडात नेट अख्खा वेळ चालू होतं, त्यामुळे काकीचा मेसेज गेला आणि उत्तर नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर पैसे घेतले आणि गाडी आली नाही. 9 ला नेट उघडल्यावर त्यांच्या फोनमध्ये सगळे मेसेज एकदम पडले, त्यात "गाडी निघाली" हाही. पाच-सहा जण ग्रुप सोडून गेले. त्यांना समजावून सांगायला कुणी होतं कुठे?

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गटाला बँकेकडून कर्जमर्यादा वाढवून हवी होती आणि त्यासाठी खात्यावर दिसणारी यूपीआयची उलाढाल दाखवायची होती. हंगामातला शेवटचा मोठा फेरा रोखीत गेला. बायकांनी ती रोकड आपसांत वाटून घेतली, कारण पावसाळ्याची तजवीज दारात होती. खात्यावर जून रिकामा दिसतो.

मग अफवांचं. बंदीमागे सरकारचा मुख्य युक्तिवाद अफवा थांबवण्याचा असतो, आणि तो पोकळ नाही. ठिणगी स्टेटसमधूनच पडली होती. पण देवगडात मी त्या दोन दिवसांत जे बघितलं ते असं: कोल्हापूरच्या नावाने व्हिडिओ फिरत होते, त्यातले काही तर उघड जुने, आणि ते खोटे आहेत असं सांगू शकणारी माणसं, म्हणजे प्रत्यक्ष कोल्हापुरात बसलेली माणसं, तेवढी गप्प. आमच्याकडची मुलं शिकायला कोल्हापुरात असतात, मोठ्या आजारपणाला माणसं कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठतात. त्या घरांमध्ये रात्रभर फोन चालले. गटात दोन मुसलमान बायका आहेत, एकीचा भाऊ तिथे नोकरीला. त्याचा फोन लागेपर्यंत ती काकीच्या ओटीवरून हलली नाही. शहराचं तोंड बंद केलं तरी शहराबद्दल बोलणारे बाहेर मोकळेच राहतात.

हुकूम आणि आढावा

त्या वेळी लागू होते 2017 चे नियम, 1885 च्या टेलिग्राफ कायद्याखालचे. त्यानुसार राज्यात असा आदेश गृह सचिवाने काढायचा, लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत तो आढावा समितीकडे पाठवायचा, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत बसून तो नियमात बसतो की नाही हे ठरवायचं. 2020 च्या दुरुस्तीने एका आदेशाला जास्तीत जास्त 15 दिवसांची मर्यादा घातली. कागदावर हे ठीकच आहे. पण तीस तासांच्या बंदीला या आढाव्याचा उपयोग काय? समितीने अगदी वेळेत बैठक घेतली तरी तोवर नेट सुरू झालेलं असतं, मासळी विकली गेलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते परिस्थितीच्या प्रमाणात हवेत, आणि इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार करण्याच्या स्वातंत्र्यालाही घटनेच्या कलम 19 चं संरक्षण आहे. तो खटला काश्मीरचा होता, तिथे ऑगस्ट 2019 मध्ये बंद झालेलं नेट 4जी वेगाने परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. आमचा तीस तासांचा मामला त्यापुढे किरकोळ वाटेल. त्याच जूनमध्ये मणिपूरमधल्या बंदीला महिना उलटून गेला होता. हे मान्य करूनही म्हणेन की किरकोळ बंदीचीच मोजदाद कमी होते, म्हणून ती घालायला सोपी जाते. नोव्हेंबर 2024 मध्ये नवे नियम आले, 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली. आदेशात कारणं, प्रदेश आणि मुदत लिहायची आणि तो प्रसिद्ध करायचा, हे आता नियमातच आहे. नुकसानभरपाईचा विषय मात्र जुन्या नियमांत नव्हता, नव्यातही नाही.

आणि भरपाई मागणार तरी कशाच्या आधारावर? संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर 2021 मध्ये नोंदवलं होतं की देशात किती वेळा, कुठे, किती काळ नेट बंद झालं याची नोंदच केंद्राकडे ठेवली जात नाही. आकडे मिळतात ते बाहेरच्यांकडून. अॅक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीत 2023 साली भारतात 116 वेळा बंदी झाली. नुकसान काढायची रूढ पद्धत म्हणजे त्या भागाचं उत्पन्न घ्यायचं, त्यातला डिजिटल वाटा धरायचा, तासांनी गुणायचं. या गुणाकारात 8 जून 2023 ला सिंधुदुर्गाचं नुकसान शून्य येतं, कारण सिंधुदुर्गात नेट बंद नव्हतंच. कोल्हापूरचं दूध, भाजी घाट उतरते, इथला आंबा, मासळी घाट चढते. आदेशाला जिल्ह्याची हद्द असते, बाजाराला नसते.

तौक्तेशी तुलना

काकीच्या सासूबाई यावर म्हणाल्या, नेट जाण्याचं एवढं काय घेऊन बसलात, तौक्त्यात आठवडाभर काही नव्हतं. वीज नव्हती, फोन नव्हते, रस्त्यावर झाडं आडवी. म्हातारीचं बरोबर आहे आणि नाहीही. वादळात सगळेच एका होडीत होते. वाडीतल्या दुकानदाराने वही उघडून सगळ्यांना उधार दिलं, कारण कुणाकडेच काही नाही हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. देणारा आणि घेणारा दोघेही त्याच अंधारात. हुकमाच्या बंदीत साखळीचं एकच टोक मरतं. दुसरं टोक चालू असतं, त्याला काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते समोरच्यावर संशय घेतं. काकीला वाटलं गिऱ्हाईक टाळतंय, गिऱ्हाइकाला वाटलं काकीने पैसे खाल्ले. वादळाने वाडीत उधारी वाढवली होती. बंदीने ती आक्रसली.

पुढच्या हंगामात

2024 ची आगोट आली तेव्हा गटाने काही गोष्टी बदलल्या. एक जाड वही केली, तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन, पत्ता आणि जवळची खूण. टेम्पोवाल्याचा नंबर सगळ्यांना आधीच कळवतात. नव्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे गाडी निघायच्या दोन दिवस आधी घेतात, जुन्याकडून पूर्वीसारखे निम्मे. नव्यांपैकी बऱ्याच जणांना हे पटत नाही. माल बघायच्या आधी पूर्ण पैसे कोण देणार, असं ते विचारतात, आणि त्यांचंही चुकत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांची संख्या साठच्या पुढे गेलेली नाही.

सगळ्यात मोठा बदल वहीत वेगळ्या शाईत आहे. तयार मालातला तिसरा हिस्सा आता हंगामाच्या सुरुवातीलाच त्या जुन्या व्यापाऱ्याला देऊन टाकतात, त्याच्या भावाने. मी विचारलं, एवढा भाव सोडून कशाला? काकी म्हणाली, "त्येका निदान आमचा घर म्हायत आसा."

तिसऱ्या हिश्श्यातला भावाचा फरक वहीत आता तूट म्हणून लिहीत नाहीत. तो 'खर्च' या रकान्यात गेलाय, टेम्पोचं भाडं आणि मिठाच्या खाली.